लंडनचं एक वर्ष की पॅरिस-मिलानची दोन? इन्व्हेस्टमेंट बँकिंगसाठी मास्टर्स निवडताना

लातूर, नांदेड, परभणी, छत्रपती संभाजीनगर इथून बी.कॉम. किंवा इंजिनिअरिंग झालं की युरोपात मास्टर्स आणि तिथून थेट इन्व्हेस्टमेंट बँक (कंपन्यांना भांडवल उभारून देणारी, त्यांचे खरेदी-विक्रीचे सौदे जुळवणारी बँक), असा बेत करणारे आधी रँकिंग उघडतात. घोळ तिथूनच सुरू होतो. फायनान्शियल टाइम्सच्या यादीतला पगार क्रयशक्तीचा हिशेब लावून डॉलरमध्ये मांडलेला असतो. त्यामुळे शिकून भारतात किंवा चीनमध्ये परतलेल्यांचा पगार तिथं प्रत्यक्षापेक्षा बराच फुगलेला दिसतो. भरती करणारी बँक मात्र वेगळंच बघते: आधी कुठं इंटर्नशिप केली, कोणते महिने मोकळे आहात, काम करायचा परवाना आहे का, आणि क्लायंटशी कोणत्या भाषेत बोलणार. त्यामुळे कॉलेजं तोलायची ती याच चार गोष्टींवर.

एक वर्षाचा रस्ता: लंडन

एलएसई (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) आणि इम्पीरियल कॉलेजचं एमएससी फायनान्स, लंडन बिझनेस स्कूलचं मास्टर्स इन फायनान्शियल अॅनालिसिस, ऑक्सफर्डचं नऊ महिन्यांचं फायनान्शियल इकॉनॉमिक्स, वॉरविकचं फायनान्स ही लंडन आणि आसपासची ओळखीची नावं. नावांच्या सारखेपणात फसू नका. लंडन बिझनेस स्कूलचं मास्टर्स इन फायनान्स आणि केंब्रिजचं मास्टर ऑफ फायनान्स हे दोन्ही नोकरीचा अनुभव असलेल्यांसाठी आहेत. फ्रेशरने तिथं अर्ज केला तर अर्जाची फी वाया जाते.

लंडनची जमेची बाजू उघड आहे. बँका तिथंच आहेत, काम इंग्रजीत चालतं, आणि वर्षभरात पदवी हातात पडते. अडचण कॅलेंडरची. पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपचे अर्ज जुलै-ऑगस्टपासून उघडतात, बरेचसे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत बंद होतात, आणि अनेक बँका येतील तसे अर्ज तपासून जागा भरत जातात. तुमचा वर्ग सप्टेंबरच्या शेवटी सुरू होणार. म्हणजे मास्टर्सचा एकही पेपर द्यायच्या आधी सीव्ही, आकडेमोडीची ऑनलाइन टेस्ट आणि कॅमेऱ्यासमोरचा रेकॉर्डेड इंटरव्ह्यू उरकावा लागतो. त्या सीव्हीवर कॉलेजचं नाव नवं असतं, बाकी सगळं भारतातलंच. तिथं चांगली इंटर्नशिप किंवा आर्टिकलशिप नसेल, तर लंडनमध्ये राहूनही अर्ज पहिल्याच चाळणीत गळतो.

दुसरी अडचण व्हिसाची आहे आणि ती फार उशिरा लक्षात येते. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि मास्टर्सवाल्यांना प्रबंध लिहायचा उन्हाळाही सत्रातच धरला जातो. जून ते ऑगस्टची पूर्णवेळ इंटर्नशिप मिळाली, पण कोर्स सप्टेंबरला संपतो, तर ती करता येत नाही. म्हणून प्रवेश घेण्याआधी कॉलेजला एकच प्रश्न लेखी विचारा: कॅसवर, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं त्या प्रवेशाच्या दाखल्यावर, कोर्स संपण्याची तारीख कोणती असेल? नऊ-दहा महिन्यांचा कोर्स इथं बारा महिन्यांच्या कोर्सपेक्षा सरळ सरस ठरतो.

कोर्स संपल्यावर ग्रॅज्युएट रूट हा काम करायचा व्हिसा आहे. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना त्यावर दोन वर्षांऐवजी १८ महिने मिळणार आहेत. तीन ते सहा महिन्यांच्या ऑफ-सायकल, म्हणजे उन्हाळ्याव्यतिरिक्तच्या, इंटर्नशिपसाठी हा काळ सोन्यासारखा आहे, कारण त्यात बँकेला तुम्हाला स्पॉन्सर करावं लागत नाही. पुढे स्किल्ड वर्कर व्हिसासाठी पगाराची अट अनालिस्टला, म्हणजे बँकेतल्या पहिल्या पायरीवरच्या माणसाला, नडत नाही. साधारण मर्यादा ४१,७०० पौंडांची, आणि मोठ्या बँकेत पहिल्या वर्षाचा मूळ पगार साठ-सत्तर हजारांच्या घरात. मात्र छोट्या बुटीक बँकेकडे स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी माणसाला नोकरीवर घ्यायचा परवाना, आहे का, हे अर्जाआधीच बघा. ती यादी ब्रिटिश सरकारच्या साइटवर खुली असते.

दोन वर्षांचा रस्ता: पॅरिस, मिलान, सेंट गॅलन

इथं दोन नमुने आहेत. एचईसी पॅरिस या बिझनेस स्कूलचं मास्टर इन इंटरनॅशनल फायनान्स हा एक वर्षाच्या जवळचाच कोर्स. त्याच एचईसीच्या ग्रांद एकोल या लांब मुदतीच्या मास्टर्स कार्यक्रमात पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्ये सेझूर, म्हणजे इंटर्नशिपसाठी मोकळं वर्ष घ्यायची रीतच आहे. त्या वर्षात सहा-सहा महिन्यांच्या दोन इंटर्नशिप बसतात. पहिली एखाद्या छोट्या एम अँड ए (कंपन्यांचं विलीनीकरण आणि खरेदी) फर्ममध्ये, दुसरी मोठ्या बँकेत, अशी पायरी चढता येते. फ्रान्समध्ये इंटर्नशिपला कॉलेज, कंपनी आणि विद्यार्थी यांचा तिहेरी करार लागतो, त्याला काँव्हांसिओं द स्ताज म्हणतात. कॉलेजमध्ये नाव असेपर्यंतच तो मिळतो आणि एका कंपनीत वर्षाला जास्तीत जास्त सहा महिने. तिथल्या बँका इंटर्न घेताना आधी हाच करार मिळेल का ते विचारतात. तो देता येणं हा दोन वर्षांच्या कोर्सचा खरा फायदा.

मिलानच्या बोकोनीचं एमएससी फायनान्सही दोन वर्षांचं. मधला उन्हाळा इंटर्नशिपसाठी मोकळा आणि लंडनमध्ये माजी विद्यार्थ्यांचं जाळं घट्ट. फी वर्षाला वीस हजार युरोच्या आतबाहेर, आणि गुणवत्तेवर फीमाफी मिळू शकते. स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलनचं बँकिंग अँड फायनान्स ९० क्रेडिटचं, म्हणजे साधारण दीड वर्षाचं, फी लंडनच्या तुलनेत किरकोळ. पण स्वित्झर्लंडमध्ये पदवीनंतर नोकरी शोधायला सहाच महिने मिळतात, आणि युरोपबाहेरच्यांना परवान्यांचा कोटा आहे. झुरिच डोळ्यांसमोर ठेवून तिथं जाऊ नका.

जर्मनीत मानहाइमची फी युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो. आधी एपीएस प्रमाणपत्र (भारतातल्या पदवीच्या कागदांची जर्मन पडताळणी) आणि वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात. पदवीत व्यवस्थापन विषयांचे क्रेडिट मोजले जातात, त्यामुळे इंजिनिअर बहुधा तिथंच अडकतो. कामाची सवलत मात्र मोठी: वर्षाला १४० पूर्ण दिवस, म्हणजे आठवड्याला पाच दिवस धरले तर २८ आठवडे. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने.

या सगळ्याच्या आड भाषा येते. पॅरिसच्या एम अँड ए टीमला फ्रेंच लागतं, फ्रँकफर्टच्या टीमला जर्मन, आणि बी-१ या मधल्या पातळीच्या भाषेवर क्लायंटशी व्यवहार होत नाही. लंडनमधल्या फ्रान्स-जर्मनी-इटलीच्या टीमही बहुधा ती भाषा सफाईने बोलणाऱ्यांनाच घेतात. आपल्या मुलांसाठी खुलं राहतं ते ब्रिटनची टीम, क्षेत्रवार टीम, लिव्हरेज्ड फायनान्स (मोठ्या कर्जावरच्या सौद्यांची टीम) आणि बाँड-शेअर बाजाराची बाजू. म्हणून युरोपात शिकूनही बहुतेकांचं लक्ष्य लंडनच असतं. तिथं पॅरिस किंवा मिलानहून इंटर्न म्हणून जायला वेगळा तात्पुरता व्हिसा लागतो. मोठ्या बँका तो काढून देतात, छोट्या क्वचित.

पैसा, आणि आपल्याकडची अडचण

लंडनच्या नामवंत कोर्सची फी ४५ ते ५५ हजार पौंड. राहणं-खाणं धरून ७५ ते ८५ लाख रुपये होतात. पन्नास लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलं तर हप्ता महिन्याला साधारण ६९ हजार. लंडनच्या पगारात तो निघतो. मुंबईत परतून ज्युनिअरच्या नोकरीत तो घर मोडतो. घरात हा आकडा मोठ्याने वाचा, मगच सही करा.

तारण हा मराठवाड्यातला खरा पेच. घरी वीस एकर असली तरी बँक सहसा सातबारा तारण घेत नाही, कारण बँकांच्या वसुलीसाठीच्या सरफेसी कायद्याच्या कलम ३१ नुसार शेतजमिनीवर तो कायदा लागू होत नाही आणि बँकेला वसुली अवघड जाते. एनए प्लॉट किंवा शहरातलं घर लागतं. संभाजीनगरात गुंठेवारीचा प्लॉट असेल तर नियमितीकरणाचे कागद आधी पूर्ण करा, त्याला महिने जातात. ब्रिटनच्या व्हिसासाठी लंडनमध्ये राहणाऱ्याला महिना १,५२९ पौंडांप्रमाणे नऊ महिन्यांचे १३,७६१ पौंड आणि उरलेली फी सलग २८ दिवस खात्यात दाखवावी लागते. खातं स्वतःचं किंवा आईवडिलांचं. मामा-काकांच्या खात्यातली रक्कम चालत नाही, आणि सोयाबीनचे पैसे आदल्या आठवड्यात भरले तर अर्ज फेटाळला जातो. बँकेचं कर्जमंजुरी पत्र असेल तर २८ दिवसांचा प्रश्न येत नाही.

राज्याच्या परदेशी शिष्यवृत्तीवर भिस्त असेल तर निवड जवळपास ठरूनच जाते. राजर्षी शाहू महाराज योजनेला विद्यापीठ क्यूएस या संस्थेच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये असावं लागतं, आणि एचईसी, बोकोनी, लंडन बिझनेस स्कूल त्या सर्वसाधारण यादीत येतच नाहीत, कारण त्या एकाच शाखेच्या संस्था आहेत. एलएसई, इम्पीरियल, ऑक्सफर्ड, वॉरविक येतात. सारथी किंवा इतर योजनेतून जायचं असेल तरी चालू वर्षाचा शासन निर्णय वाचून क्रमवारीची अट आधी तपासा. डिपॉझिट भरायची तारीख निकालाच्या आधी येऊ शकते, तेवढी रक्कम हाताशी हवी.

मग कुणी कुठं जावं?

सीए आर्टिकलशिप झाली असेल, किंवा पुण्या-मुंबईत व्हॅल्युएशन किंवा ट्रान्झॅक्शनचं काम वर्ष-दीड वर्ष केलं असेल, तर लंडनचं एक वर्ष. प्रवेशाचे अर्ज आदल्या ऑक्टोबरमध्येच टाका. एलएसई येतील तसे अर्ज निकाली काढते, मार्चपर्यंत मागणीचे कोर्स भरत आलेले असतात. बँकांचे अर्ज विमान पकडायच्या आधी, ऑगस्टमध्ये.

नांदेडच्या एखाद्या इंजिनिअरकडे जीमॅट या प्रवेशपरीक्षेचा स्कोअर दमदार आहे, पण फायनान्सची एकही इंटर्नशिप नाही, तर त्याने लंडनला थेट जाऊ नये. बोकोनी किंवा एचईसीचं ग्रांद एकोल घ्यावं, नाहीतर वर्षभर भारतात काम करून मग लंडन. आमच्या मते दुसरा पर्याय स्वस्त आणि बहुतेकांना जास्त फायद्याचा. सीएफए या फायनान्सच्या व्यावसायिक परीक्षेची पहिली पातळी त्या वर्षात जमते. ती अभ्यासाची साक्ष देते, इंटर्नशिपची जागा घेत नाही.

इंटरव्ह्यूची तयारी मात्र दोघांनाही सारखीच. नेहमीचा प्रश्न घ्या: घसारा १० ने वाढला तर तिन्ही स्टेटमेंटवर काय होईल? कर २५ टक्के धरला तर नफा ७.५ ने घटतो. घसारा रोखीत जात नाही म्हणून कॅश फ्लोमध्ये १० परत मिळवायचे, रोख २.५ ने वाढते. ताळेबंदात स्थिर मालमत्ता १० ने कमी, रोख २.५ ने जास्त, आणि समोरच्या बाजूला भागभांडवल व राखीव ७.५ ने कमी. बी.कॉम.वाल्याला हे कागदावर येतं. इंग्रजीत, न अडखळता, एका मिनिटात तोंडी सांगणं जमत नाही आणि तिथंच फेरी जाते. रोज मोठ्याने बोलून सराव करा.

कागदपत्रांचं काम आजच काढा. विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून ट्रान्सक्रिप्ट मिळायला वेळ लागतो, आणि एक फेरी हमखास वाया जाते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, पदवीवर वडिलांचं नाव गाळलेलं, असं असेल तर नाव एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र अर्जासोबत जोडा. एपीएसला किंवा कर्जाच्या बँकेला स्पेलिंगमधला एका अक्षराचा फरकही फाइल परत पाठवायला पुरतो.