ईईजी वाचायला ऑनलाइन शिकायचंय? कोणता मार्ग कोणाला सोयीचा

डीएम न्यूरॉलॉजीच्या (मेंदूविकारांतल्या सुपर-स्पेशालिटी पदवीच्या) तीन वर्षांत ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, वाचण्याचा हात किती पक्का होतो, हे बऱ्याचदा विभागात कोण शिकवतं यावर ठरतं. एपिलेप्सीत, म्हणजे अपस्मारात (फेफऱ्यांच्या आजारात), रमलेले एखादे सर असतील तर रेसिडेंटला रिपोर्टिंगला रोज बसवलं जातं. नसतील तर स्ट्रोक आणि ओपीडीतच वर्षं सरतात. पुढे लातूर किंवा जळगावला प्रॅक्टिस सुरू झाली की टेक्निशियन रेकॉर्डिंग समोर ठेवतो आणि खाली सही आपली असते. ऑनलाइन कोर्सचा शोध बहुधा तेव्हा सुरू होतो.

कोर्सची जाहिरात वाचताना मी सर्वांत आधी एकच पाहीन: हे लोक निवडक पानं दाखवतात की अख्खं रेकॉर्डिंग? नेहमीचा ईईजी किमान २० मिनिटांचा असतो आणि एका पानावर १० सेकंद दिसतात, म्हणजे १२० पानं. क्विझमधलं पान समोर येतं तेच मुळी त्यात काहीतरी सापडणार म्हणून. प्रत्यक्षात बहुतेक पानांवर काहीच नसतं, आणि ‘काही नाही’ असं ठामपणे लिहिणं हे स्पाइक (फेफऱ्यांकडे बोट दाखवणारी टोकदार लहर) ओळखण्यापेक्षा अवघड आहे. झोपेत येणारे विकेट स्पाइक्स, स्मॉल शार्प स्पाइक्स, पेंग आल्यावर टेम्पोरल (कानशिलाकडच्या) भागात दिसणारा थीटा (एक मंद लय), जोरात श्वास घ्यायला लावल्यावर मुलांच्या आलेखात येणाऱ्या मंद लहरी: हे सगळं नॉर्मल माणसातही दिसतं. ते अपस्मार म्हणून वाचलं गेलं की साधी चक्कर येऊन पडलेल्या मुलीला वर्षानुवर्षं गोळ्या सुरू होतात, आणि लग्न ठरवताना तोच रिपोर्ट आडवा येतो. म्हणून नॉर्मल आणि नॉर्मलसारख्या लहरींना भरपूर जागा न देणारा कोर्स, त्यातले फेफऱ्यांचे व्हिडिओ कितीही झकास असले तरी, मी बाजूला ठेवेन.

आता पर्याय पाहू. अपस्माराविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, म्हणजे आयएलएईची, ऑनलाइन अकादमी आहे. तिथे दोन तऱ्हेचं शिक्षण मिळतं आणि लोक त्यात गल्लत करतात. पहिली तऱ्हा आपल्या सवडीनं करायच्या मोड्यूल्सची. रुग्णाची हकीकत, मग रेकॉर्डिंग, मग प्रश्न. रात्री दहानंतरच मोकळीक मिळणाऱ्यासाठी ही सोय मोठी आहे. उणीव अशी की उत्तर चुकलं तर बरोबर उत्तर कळतं, पण तुमचा विचार कुठे घसरला हे सांगायला कोणी नसतं. दुसरी तऱ्हा ‘विरेपा’ची, म्हणजे याच संघटनेच्या शिकवणीसारख्या ऑनलाइन कोर्सची. त्यात ठरलेल्या तारखा असतात, मार्गदर्शक असतात आणि ईईजीचे प्राथमिक व प्रगत असे वेगळे कोर्स आहेत. तुम्ही लिहिता, मार्गदर्शक त्यावर बोलतात. वेळापत्रक जाचक वाटू शकतं आणि ड्यूट्या सांभाळताना आठवडा चुकला की मागे पडायला होतं. तरीही दोन्हींतून एकच घ्यायचं तर मी विरेपाकडे झुकेन. ईईजीत तज्ज्ञांचंही एकमत होतंच असं नाही. एकेका लहरीबद्दल अनुभवी वाचकांचा मेळ बेताचाच बसतो, आणि पूर्ण रेकॉर्डिंगवर निर्णय द्यायला सांगितलं तर तो सुधारतो, हे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. अशा विषयात ‘पर्याय क’ बरोबर होता एवढं कळून फारसं हाती लागत नाही. वाद घालायला समोर माणूस हवा.

आयसीयूचं काम असेल तर हिशोब वेगळा. तिथे अमेरिकन क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजी सोसायटीची, म्हणजे एसीएनएसची, प्रमाणित परिभाषा चालते. सध्याची आवृत्ती २०२१ची आहे. तिचं ऑनलाइन प्रशिक्षण आणि चाचणी उपलब्ध आहे आणि माझ्या मते आयसीयूत ईईजी पाहणाऱ्यानं बाकी कशाच्याही आधी ते करावं. कारण इथे आकड्यांनी बांधलेले नियम आहेत. १० सेकंदांत २५पेक्षा जास्त डिस्चार्ज (अपस्मारी टोकदार लहरी), किंवा किमान १० सेकंद स्पष्टपणे बदलत जाणारी लय, म्हणजे इलेक्ट्रोग्राफिक सीझर (आलेखावर दिसणारं फेफरं). सलग १० मिनिटं किंवा कोणत्याही तासाचा किमान २० टक्के वेळ असं चाललं तर स्टेटस, म्हणजे लांबत गेलेलं फेफरं. एलपीडी, जीपीडी, एलआरडीए ही पुन्हापुन्हा येणाऱ्या लहरींच्या नमुन्यांची नावं दोन्हीकडच्या डॉक्टरांनी एकाच अर्थानं वापरली तरच रात्रीचा फोन कामाचा. ओपीडीतल्या दहा वर्षांच्या मुलाचा ईईजी वाचायला मात्र हे प्रशिक्षण पुरत नाही.

फुकटात किती होतं? बरंच होतं, फक्त शिस्त स्वतःची हवी. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठानं रुग्णालयातल्या रेकॉर्डिंगांचा प्रचंड संग्रह अर्ज करणाऱ्यांसाठी खुला ठेवला आहे आणि त्यात डॉक्टरांचे रिपोर्टही आहेत. बोस्टनच्या बालरुग्णालयातला, एमआयटीच्या सहकार्यानं झालेला संग्रह फिजिओनेट या संकेतस्थळावर मिळतो. त्यात २२ रुग्णांची रेकॉर्डिंगं असून फेफरं कुठे सुरू झालं, कुठे संपलं याच्या खुणा आहेत. फाइली ईडीएफ (अशी रेकॉर्डिंगं साठवायच्या प्रमाणित) स्वरूपात असतात आणि ईडीएफब्राउझर हे मोफत सॉफ्टवेअर त्या उघडतं. मोन्टाज (इलेक्ट्रोडच्या जोड्यांची मांडणी) बदला, फिल्टर बदला, आधी स्वतःचा रिपोर्ट लिहा, मगच त्यांचा उघडा. हा क्रम उलटा केला की सगळंच सोपं वाटू लागतं. सोबत आंतरराष्ट्रीय क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजी महासंघाचे २०१७चे सहा निकष ठेवा: टोकदार दोन-तीन टप्प्यांचा आकार, आजूबाजूच्या लहरींपेक्षा वेगळा कालावधी, असममिती, मागून येणारी मंद लहर, पार्श्वभूमीत पडलेला खंड, आणि मेंदूतूनच उगम सुचवणारं क्षेत्र. शेवटचा निकष बघायचा कंटाळा सर्वांनाच येतो, आणि नेमका तोच आर्टिफॅक्ट (मेंदूबाहेरून आलेली खोटी लहर) उघडा पाडतो.

प्रमाणपत्राबद्दल थोडं. आशियातल्या डॉक्टरांसाठी आसेपा, म्हणजे एशियन एपिलेप्सी अकादमी, ईईजीची प्रमाणन परीक्षा घेते. पहिला भाग लेखी बहुपर्यायी, दुसरा तोंडी. ती शिकवणी नाही, परीक्षा आहे. पण तारीख नक्की झाल्याशिवाय ज्यांचा अभ्यास होत नाही (आपल्यात असे कमी नाहीत) त्यांनी आधी तिचा अर्ज भरावा आणि मग कोर्स निवडावा. कोर्स पूर्ण केल्याचं नुसतं प्रमाणपत्र ‘हजर होते’ एवढंच सांगतं.

प्रत्यक्ष लॅबमध्ये बसण्याशी तुलना केली तर ऑनलाइनची एक बाजू कायम लंगडी राहते: रेकॉर्डिंग घडताना बघणं. इलेक्ट्रोड सैल झाला की पानावर काय उमटतं, जबडा आवळल्यावर टेम्पोरल चॅनेल कसे भरून जातात, ५० हर्ट्झची वीज कुठून शिरते, हे टेक्निशियनच्या शेजारी बसून चटकन कळतं. त्यासाठी बंगळूरु-तिरुवनंतपुरमच्या मोठ्या न्यूरो संस्था गाठायची गरज नाही. स्वतःच्या रुग्णालयातल्या टेक्निशियन ताईंना दुपारचा वेळ मागा. अनेकदा त्यांची नजर आपल्यापेक्षा तयार असते.

रेसिडेंट असाल तर एसीएनएसचं प्रशिक्षण आणि खुली रेकॉर्डिंगं आधी, विरेपाचा प्राथमिक कोर्स शेवटच्या वर्षी. प्रॅक्टिसमध्ये स्थिरावला असाल आणि रोज ओपीडीचे ईईजी येत असतील तर थेट विरेपा. वेळ अगदीच नसेल तर आयएलएईची मोड्यूल्स, पण मग आठवड्यातून एकदा दोन-तीन रेकॉर्डिंगं ओळखीच्या एपिलेप्टॉलॉजिस्टसोबत वाचायची व्यवस्था करा. लहान मुलांचे ईईजी जास्त येत असतील तर पैसे भरण्याआधी अभ्यासक्रम मागवून घ्या आणि नवजात व बालवयीन ईईजीला किती धडे आहेत ते मोजा. आणि कोर्स कोणताही घेतलात तरी मोबाइलवर करू नका, कारण १० सेकंदांचं पान त्या पडद्यावर इतकं आक्रसतं की मंद लहरसुद्धा टोकदार दिसू लागते.