स्पितीत आईस क्लाइंबिंगच्या नावाखाली गंडवलं, पैसे भरायच्या आधी वाचा

मंडळी, थंडी जवळ आली की त्या जाहिराती परत फिरायला लागतात म्हणून लिहितोय. "लडाखला गर्दी झालीये, आपण हिमाचलात स्पितीला जाऊ, लिंगटीचा गोठलेला धबधबा चढू, छोटी बॅच", माणशी 32,000, विमानाचं ज्याचं त्याने बघायचं. आयोजक पुण्यातलाच, कोथरूडला कॅफेत भेटला, बोलायला एकदम गोड. पैसे मात्र कुणाच्या तरी पर्सनल यूपीआयवर, पावती मागितली की "करतो करतो".

जाहिरातीतल्या फोटोत निळ्या बर्फामागे देवदारासारखी दाट झाडी होती. स्पिती म्हणजे थंड वाळवंट, तिथे असलं जंगल कुठून येणार? आणि प्लॅनमध्ये जानेवारीत मनालीहून काझा, म्हणजे स्पितीतलं मुख्य गाव! वाटेतला कुंझुम पास साधारण 4,550 मीटर उंच, हिवाळ्यात बंद असतो, तेव्हा जायचं तर शिमला, रेकाँग पिओ, नाको, ताबो असं किन्नौरकडून. ग्रुपमधल्या एकीने विचारलंसुद्धा, तर आयोजक म्हणे अटल टनेल झालाय ना आता. अहो, तो रोहतांगखालून लाहौलला निघतो, कुंझुम त्याच्या कितीतरी पुढे. दिल्लीत उतरल्यावर मग "रूट बदललाय" म्हणून गाडीचे वरचे 6,000 घेतले, परतीची तिकिटं काढलेली, काय करणार. उंचीची सवय व्हायला मधे एक दिवस थांबायचं ठरलं होतं तोही उडवला, काझाला पोचेपर्यंत निम्म्या लोकांची डोकी ठणकत होती.

खरी गंमत धबधब्याखाली. सॅक उघडली तर क्रॅम्पॉन (बर्फावर चढायला बुटाखाली लावायचे लोखंडी दात) म्हणून रबराचे ते ग्रिपर, बुटावर ओढून चढवायचे, खाली बारीक खिळे. तिथल्या एका लोकल गाईडने हातात घेऊन उलटा केला, पुढच्या टोकावर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "सर, ये तो चलने वाला है." उभ्या बर्फात लाथ मारून रुतवायला पुढे दात लागतात, ते नव्हतेच. कुऱ्हाड एकच, सरळ लांब दांड्याची, ग्लेशियरवर चालताना टेकायची. आईस स्क्रू, म्हणजे बर्फात पिळून बसवून त्यात दोर अडकवायचा ते, शून्य. दोर रॅपलिंगचा (दोरावरून खाली उतरायचा) स्टॅटिक, म्हणजे न ताणणारा, आणि आयोजक म्हणे मी लीड करतो, म्हणजे दोर घेऊन सगळ्यांत आधी वर चढतो, त्याला पडल्यावर ताणला जाणारा डायनॅमिक दोर लागतो एवढंही माहीत नाही. "सर्टिफाइड इन्स्ट्रक्टर" म्हणून आणलेल्या पोराचं फक्त बीएमसी झालेलं. बीएमसी म्हणजे बेसिक कोर्स हो, त्यानंतर अ‍ॅडव्हान्स, मग शिकवायचा एमओआय. पोरगं बिचारं आमच्याइतकंच घाबरलेलं.

गाईडने वर जायला साफ नकार दिला, तर आयोजक म्हणतो थोडं खाली उभं राहून फोटो तरी काढू, हार्नेस घालून!

परत आल्यावर उत्तर काय, तर "हवामानामुळे रद्द, नो रिफंड". वर आभाळात ढग औषधाला नव्हता, आमच्या सगळ्या फोटोंत दिसतंय. जास्त विचारलं तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढून टाकलं.

ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार टाकलीये, आता ग्राहक आयोगात जातोय. याच्या बॅचला गेलेलं अजून कुणी असेल तर यूपीआयचे स्क्रीनशॉट, तो मनालीवाला प्लॅन आणि चॅट डिलीट करू नका, मला मेसेज टाका, आयोगाची परवानगी घेऊन एकत्र तक्रार करता येते.