व्हीगन आहारावरचे लहान मूल सोबत असताना: बर्लिन की पॅरिस?

दूध, दही, तूप, अंडी यांपैकी काहीही न खाणारे दीड ते तीन वर्षांचे मूल घेऊन युरोपातल्या एकाच शहरात आठवडाभर राहायचे असेल, तर बर्लिन निवडावे की पॅरिस, हे ठरवताना बहुतेक पालक व्हीगन उपाहारगृहांच्या याद्या पाहतात. माझ्या मते ही कसोटी अपुरी आहे. अशी उपाहारगृहे दोन्ही शहरांत भरपूर आहेत. पण या वयाचे मूल दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खाते, संध्याकाळी सहाच्या सुमारास जेवायला मागते आणि भूक लागली की थांबत नाही. म्हणून तुलना करायची ती किराणा दुकानांची, जेवणाच्या वेळांची आणि बाबागाडीच्या वाटेतल्या जिन्यांची.

बर्लिनमध्ये डीएम आणि रॉसमान ही प्रसाधने व घरगुती वस्तूंची साखळी दुकाने जवळजवळ प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांत बाळांच्या खाण्याचा स्वतंत्र विभाग असतो, आणि तिथल्या अनेक बरण्यांत निव्वळ भाजी, बटाटा किंवा भात आणि थोडे तेल एवढेच असते. साध्या सुपरमार्केटातही टोफू, सोयाचे दही आणि पावाला लावायचे भाज्यांचे वाटण सहज मिळते. पॅरिसमध्ये फळांच्या गराच्या पिळून खायच्या पिशव्या सर्वत्र मिळतात आणि नॅचुरालियासारख्या सेंद्रिय दुकानांत निवडही चांगली असते. मात्र लहान मुलांच्या तयार जेवणांत साय, लोणी किंवा चीज बऱ्याचदा असते, त्यामुळे प्रत्येक डबी वाचून घ्यावी लागते. युरोपीय संघाच्या नियमानुसार दूध आणि अंडे यांसह १४ ॲलर्जीकारक पदार्थ घटकांच्या यादीत ठळकपणे वेगळे दाखवावे लागतात, ही दोन्हीकडची मोठी सोय आहे. मध आणि जिलेटिन मात्र त्या १४ पदार्थांत येत नाहीत, तेव्हा ते शब्द स्वतः शोधावे लागतात. बर्लिनची एक अडचण अशी की तिथे रविवारी सुपरमार्केट बंद असतात. मुख्य रेल्वे स्थानकासारख्या मोठ्या स्थानकांतली काही दुकाने तेवढी उघडी असतात. पॅरिसमध्ये रविवारी सकाळी बरीच दुकाने चालू असतात.

दुधाच्या पर्यायाबाबत थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण काळजी घेणारे पालकच इथे फसण्याची शक्यता अधिक असते. ओट किंवा सोयाच्या पेयाचे ‘सेंद्रिय’ शिक्का असलेले खोके चांगले समजून उचलले जाते. परंतु सेंद्रिय उत्पादनांत वरून कॅल्शियम किंवा जीवनसत्त्वे घालण्यावर युरोपीय संघाचे कडक निर्बंध आहेत, आणि कॅल्शियम वाढवण्यासाठी समुद्री शेवाळाची पूड घालण्याची वाटही युरोपीय न्यायालयाच्या २०२१ च्या निकालाने बंद झाली. म्हणून मुलासाठी कॅल्शियम आणि बी १२ जीवनसत्त्व घातल्याचा स्पष्ट उल्लेख असलेले, बहुधा सेंद्रिय नसलेले, पेय निवडावे. फ्रान्सच्या औषधांच्या दुकानांत तांदळाच्या प्रथिनांवर आधारलेली बाळांची पावडर मिळते आणि तिचा वापर तिथे रूढ आहे. मात्र तिच्यातले ड जीवनसत्त्व लोकरीच्या मेणापासून केलेले असू शकते. तांदळाचे साधे पेय ही वेगळी गोष्ट आहे, आणि त्यातील आर्सेनिकमुळे ते पाच वर्षांखालील मुलांना दुधाऐवजी देऊ नये असा ब्रिटनच्या आरोग्य सेवेचा सल्ला आहे. बी १२ चे थेंब घरूनच न्यावेत आणि निघण्यापूर्वी आपल्या बालरोगतज्ज्ञांशी बोलून घ्यावे.

बाहेरच्या जेवणात बर्लिन पुष्कळच सोपे पडते. फलाफल, हम्मस, टोफू-भात असे पदार्थ देणारी अरबी आणि व्हिएतनामी उपाहारगृहे दुपारपासून रात्रीपर्यंत सलग चालतात; व्हिएतनामी ठिकाणी माशाचे सॉस घालू नका एवढे सांगावे लागते. पॅरिसमध्ये अनेक पारंपरिक उपाहारगृहांची स्वयंपाकघरे दुपारी बंद होतात आणि संध्याकाळी सात-साडेसातला उघडतात, म्हणजे आपल्या मुलाच्या झोपेच्या वेळी. यावर पॅरिसमध्ये दोन उत्तम उपाय आहेत. एक म्हणजे पाव: १९९३ च्या फ्रेंच आदेशामुळे ‘त्रादिस्याँ’ बगेत (लांबट फ्रेंच पाव) मूलतः पीठ, पाणी, मीठ आणि खमीर यांचीच असते, त्यात दूध किंवा लोणी नसते (क्रोसाँमध्ये मात्र लोणी असतेच असे धरून चालावे). दुसरा उपाय मराठी घरातल्या मुलासाठी अधिक मोलाचा आहे: गार द्यू नोर स्थानकाच्या उत्तरेला ला शापेल या भागात श्रीलंकन तमिळांची वस्ती आहे आणि तिथे इडली, डोसा, सांबार मिळते. तूप घालू नका हे आधी सांगितले की परक्या शहरात मुलाला ओळखीच्या चवीचे गरम अन्न मिळते, आणि त्याने पालकांचा जीव किती निवांत होतो हे असा प्रवास केलेल्यांनाच कळेल.

फिरण्याच्या बाबतीत माझे मत निःसंदिग्ध आहे. बर्लिनच्या बहुतेक भुयारी रेल्वे स्थानकांत लिफ्ट आहे आणि सहा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. पॅरिसच्या जुन्या मेट्रोत मात्र जिनेच जिने आहेत. १४ क्रमांकाची मार्गिका सोडली तर बाबागाडी घेऊन बसने फिरणेच शहाणपणाचे, आणि मोफत प्रवास चार वर्षांखालच्यांनाच आहे. खेळायला पॅरिसचे लुक्झेंबर्ग उद्यान सुंदर आहे, परंतु २०१० मध्ये बाग म्हणून खुले झालेले बर्लिनचे टेम्पलहोफ हे जुने विमानतळ, जिथे मूल धावपट्टीवर मनसोक्त पळू शकते, या वयाला अधिक मानवते.

एकंदर, मूल दोन वर्षांच्या आतबाहेरचे आणि बाबागाडीतले असेल तर मी बर्लिनच सुचवेन. पॅरिसच पाहायचे असेल, तर हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेले घर घ्यावे, आणि ते शक्यतो दहाव्या विभागात, ला शापेलपासून जवळ असावे.

मुंबईहून पॅरिसला थेट विमान मिळते, बर्लिनला जाताना सहसा मध्ये विमान बदलावे लागते. दोन्ही प्रवासांत ‘व्हीजीएमएल’ (विमान कंपन्यांचे व्हीगन जेवणाचे संकेतनाव) जेवण आधी नोंदवावे, कारण ‘हिंदू’ किंवा ‘एशियन व्हेज’ जेवणात दही-पनीर असू शकते. नाचणीचे सत्त्व, मेतकूट आणि खिमटीचे भाजलेले पीठ बंद पाकिटात न्यावे. कढीपत्ता किंवा आंबे नेऊ नयेत. युरोपीय संघात बहुतेक ताज्या फळांना आणि भाज्यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, केळी, खजूर, नारळ यांसारख्या मोजक्या फळांना तेवढी सूट आहे.