पेअर बारसाठी बॉस्कच! हूड रिव्हरच्या पेअर्सचा ओव्हनमधला निकाल

आधी निकाल सांगून टाकते, कारण सप्टेंबर लागला की ओळखीच्या निम्म्या घरांतून मला हाच प्रश्न येतो: पेअरच्या बारसाठी, म्हणजे खाली-वर पिठाचा थर आणि मधे फळ घालून भाजलेल्या वड्यांसाठी, कोणत्या जातीचं पेअर घ्यायचं? पेअरचे बार करायचे असतील तर बॉस्क घ्या. बार्टलेट नुसतं खायला घ्या, आंजू हिवाळ्यासाठी ठेवा आणि कॉमिसला ओव्हनच्या जवळही नेऊ नका. आता का, ते सविस्तर.

आम्ही अमेरिकेत, ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडच्या पश्चिमेला, हिल्सबरोत राहतो. कोलंबिया नदीच्या काठाने हायवे 84 धरून पूर्वेला निघालं की पोर्टलंडपासून साधारण 60 मैलांवर हूड रिव्हर गाव लागतं. तिथून हायवे 35 ला वळायचं. समोर माउंट हूड, दोन्ही हातांना पेअरच्या बागा. या खोऱ्यातून फिरणाऱ्या 35 मैलांच्या रस्त्याला इथे ‘फ्रूट लूप’ म्हणतात आणि ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत त्यावरच्या फळांच्या स्टॉल्सवर गर्दी असते. पेअर हे ओरेगनचं अधिकृत राज्यफळ आहे, 2005 पासून. अमेरिकेत ताजी विकली जाणारी बहुतेक पेअर्स ओरेगन आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांतच पिकतात, त्यामुळे आम्हा इथल्या लोकांना हे फळ त्याच्या घरी जाऊन घेता येतं.

मी ज्या स्टॉलवरून घेते तो एका शेतकरी कुटुंबाचा आहे. लाकडी खोकी, प्रत्येकावर जातीचं नाव खडूने लिहिलेलं. तिथल्या आजी पैसे घेण्याआधी एकच विचारतात, ‘कधी खाणार?’ आज म्हटलं तर एका खोक्यातून देतात, शनिवारी म्हटलं तर दुसऱ्या. मग देठाजवळ, फळाच्या मानेवर अंगठा हलकेच दाबून दाखवतात. तिथे जरा दबलं की फळ तयार. पेअर आतून बाहेर पिकतं. पोट मऊ लागेपर्यंत थांबलात तर गाभा गेलेला असतो. एवढी एक गोष्ट आजींकडून शिकलात तरी तिथवरचं पेट्रोल वसूल.

माझं माहेर पिंपळगाव बसवंतचं. द्राक्षाच्या बागेत वाढल्यामुळे मला पेअरचा स्वभाव फार नवलाचा वाटतो. द्राक्ष वेलीवर जेवढं गोड झालं तेवढंच. घड खुडला की गोडी तिथेच थांबली. पेअरचं अगदी उलट. ते झाडावरच पिकू दिलं तर गर रवाळ होतो, दाताखाली खरखरतो, गाभा मऊ पडून तपकिरी होतो. म्हणून ते कडक असतानाच उतरवतात, थंडीत ठेवतात आणि मग घरच्या हवेत पिकवतात. बार्टलेटला थोडी थंडी पुरते, आंजूला जास्त दिवसांची लागते. सप्टेंबरात झाडावरून उतरवलेलं आंजू थंडीत न ठेवता घरी आणलं तर ते नीट पिकत नाही, नुसतं सुरकुततं. घाई असेल तर कागदी पिशवीत एखाद्या केळ्यासोबत ठेवा. केळ्यातून निघणारा इथिलीन वायू पेअरलाही पिकवतो.

आता ओव्हन.

बार्टलेट हे ऑगस्टचं पेअर. हिरव्याचं पिवळं होतं, त्यामुळे पिकलंय की नाही ते लांबूनही कळतं. वास असा की टोपली हॉलमध्ये ठेवली तर घरभर दरवळतो. पण भाजताना ते विरघळतं. फोडींची चटणी होते, रस खालच्या थरात उतरतो आणि बार काढताना बूड ताटालाच चिकटून राहतं. चव उत्तम असते, पण बार हातात धरता येत नाही आणि हातात धरता येईना तर तो बार कसला? त्याचा जॅम करा, मुरांबा करा. इथे डब्यातली पेअर्सही बहुतेक बार्टलेटचीच असतात.

कॉमिस मूळचं फ्रान्सचं, अँजर्स गावचं. गोल गरगरीत, आखूड मानेचं, आणि इतकं रसाळ की सिंकवर वाकून खावं लागतं. ते भाजलं की त्याचा लोण्यासारखा गर आणि नाजूक वास दोन्ही संपतात. चीजसोबत कापून खा आणि समाधानी व्हा.

आंजू सगळीकडे, वर्षातले बरेच महिने मिळतं. पिकलं तरी हिरवंच राहतं, म्हणून मानेवर अंगठा दाबल्याशिवाय त्याचा भरवसा नाही. भाजल्यावर आकार बऱ्यापैकी टिकतो, चव मात्र सौम्य. आलं, लिंबू, दालचिनी सढळ हाताने घातलीत तर आंजूचे बार छान होतात. डिसेंबरात मी तेच वापरते.

आणि बॉस्क. लांब मान, बारीक होत देठाला मिळणारी, आणि साल थेट चिकूसारखी. दुकानात लोक त्याच्या रंगाकडे बघून पुढे जातात, याचं मला फार वाईट वाटतं. हे पेअर कडक असतानाही गोड लागतं. गर घट्ट, पाणी बेताचं. अर्ध्या इंचाची फोड ओव्हनमधून बाहेर येते तेव्हा कडा पारदर्शक झालेल्या असतात, सुरी अलगद शिरते, पण फोड फोडच राहते. बार कापल्यावर मधल्या थरात एकेक फोड वेगळी दिसते. आणि वासात जी किंचित मधासारखी छटा असते ती भाजल्यावर वाढते. बारसाठी ते पूर्ण पिकू द्यायचं नाही. मान जेमतेम दबायला लागली की कापायला घ्यायचं.

माझी कृती सरळ आहे आणि त्यात अंडं नाही. बार्टलेट-बॉस्कचा हंगाम आणि गणपती बहुतेकदा एकाच सुमाराला येतात, आणि इथल्या गणपतीत घरून काहीतरी करून न्यायचंच असतं, तेव्हा बिनअंड्याचं असणं फार उपयोगी पडतं. 300 ग्रॅम मैदा, 150 ग्रॅम साखर, अर्धा चमचा मीठ आणि 226 ग्रॅम गार लोणी, म्हणजे इथल्या दोन कांड्या. लोणी बिनमिठाचं. बोटांच्या टोकांनी चोळायचं, मुठीत धरलं की मूठ वळेल आणि सोडलं की भुगा होईल इतपतच. करंजीच्या पिठाला मोहन चोळलेला हात असेल तर हे सांगावंही लागत नाही. यातलं दोन तृतीयांश 9 बाय 13 इंचाच्या ताटात कागद घालून त्यावर वाटीच्या बुडाने घट्ट दाबायचं आणि 350 फॅरनहाइटला, म्हणजे साधारण 175 सेल्सिअसला, 15 ते 18 मिनिटं नुसतंच भाजायचं. कडा फिकट सोनेरी झाल्या पाहिजेत. ही पायरी गाळू नका. कच्च्या थरावर ओलं फळ पडलं की तो थर पुढे कितीही भाजला तरी पिठूळ राहतो.

तोवर पेअर्स कापायची. साधारण 900 ग्रॅम, सोलून, अर्ध्या इंचाच्या फोडी. लिंबाचा रस, चार मोठे चमचे साखर, दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, चिमूटभर मीठ आणि वेलची. दालचिनी इथे सगळे घालतात, मीही आंजूला घालते, पण बॉस्कला वेलचीच. दालचिनी बॉस्कचा मधाळपणा झाकून टाकते, वेलची तो पुढे आणते. ताजी कुटलेली हवी, सालं काढून, आठ-दहा दाण्यांची नव्हे, आठ-दहा अख्ख्या वेलच्यांची. सोबत किसलेलं आलं अर्धा चमचा. उरलेल्या पिठात अर्धा कप ओट्स आणि मूठभर बदामाचे काप घालून ते फळावर सैलसर भुरभुरायचं, दाबायचं नाही.

मग 35 ते 40 मिनिटं. वरचा रंग बघून फसू नका. कडेलाच काय, मधोमधसुद्धा रस बुडबुडताना दिसला पाहिजे. कॉर्नफ्लोअर उकळीच्या जवळ गेल्याशिवाय नीट घट्ट होत नाही, म्हणून मधला भाग शांत असेल तर वर कितीही सोनेरी दिसो, आत पातळच असतं. वरचं फार लाल होतंय असं वाटलं तर फॉइल सैल टाका आणि भाजत राहा. बाहेर काढल्यावर किमान दोन तास हात लावायचा नाही. बर्फी आपण कोमट असताना कापतो, हे पूर्ण गार झाल्यावर. कागदासकट उचलायचं, पाटावर ठेवायचं आणि मोठ्या सुरीने एका दाबात कापायचं, करवतीसारखं मागेपुढे नाही.

ताट धातूचं घ्या, साधं ॲल्युमिनियमचं, फिकट रंगाचं. काचेचं दिसायला छान, पण ते उशिरा तापतं आणि मग तापलेलंच राहतं. बूड कच्चं आणि कडा करपलेल्या असा प्रकार होतो. काचेचंच असेल तर आच 25 फॅरनहाइटने कमी करून वेळ वाढवा. लोण्यावर मात्र पैसे खर्च करावेत असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेत साध्या लोण्यात 80 टक्के स्निग्धांश असतो, युरोपियन पद्धतीच्या लोण्यात 82 किंवा जास्त. आकड्यात फरक किरकोळ वाटतो, पण या बारमध्ये लोणी लपायला जागाच नाही आणि खालचा थर मोडताना तो फरक कळतो.

आता एक तक्रार, आमच्याजवळच्या एका मोठ्या दुकानाची. मे महिन्यात तिथून आंजूची पिशवी आणली. वरून हिरवीगार, एकही डाग नाही. कापली तर एकापाठोपाठ एक गाभ्याशी तपकिरी, वासही शिळा. ऑक्सिजन कमी केलेल्या थंड कोठारात आंजू कितीतरी महिने टिकवतात, आणि टिकवावं, त्यामुळेच ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत मिळतं. पण कोठाराबाहेर आल्यावर ते किती दिवस पडून होतं याचा हिशोब ठेवायचा कुणी? दुकानाने पैसे परत दिले, तेवढं कबूल करते. पण पाहुणे संध्याकाळी येणार आणि दुपारी हातात कुजकी पेअर्स, यात पैशांचा प्रश्न दुय्यम असतो. तेव्हापासून मे-जूनमध्ये मी पेअरचे बार करतच नाही. त्या दिवसांत इथे रुबार्ब, म्हणजे आंबट देठांची एक भाजी, असतं, मग स्ट्रॉबेरी येते, त्यांचे करावेत.

स्टॉलबद्दलही एक सांगायचं राहिलं: तिथे आधी फळ चाखायला देतात, मागायची गरज नाही. बॉस्क उतरवलेल्याच दिवशीचं असेल तर आजी स्वतःहून सांगतात की घरी नेऊन आधी थोडे दिवस फ्रिजमध्ये ठेव. विकणाऱ्याने असं सांगणं मला फार मोलाचं वाटतं. भावही बरा असतो, पण मी तिकडे जाते ती या सल्ल्यासाठी.

पुण्यातल्या मैत्रिणींसाठी: मागच्या भेटीत वहिनीच्या ओटीजीत बब्बूगोशाचे बार केले. बब्बूगोशा रसाळ आणि मऊ, म्हणजे बार्टलेटच्या वळणाचा. फोडी साखर-लिंबात अर्धा तास ठेवून सुटलेला रस गाळून घ्या, तो छोट्या कढईत आटवून पाकासारखा घट्ट करा आणि परत फोडींवर ओता. कॉर्नफ्लोअर दीडऐवजी दोन मोठे चमचे. ओटीजीत ताट अर्ध्या मापाचं लागेल, तर सगळं निम्मं घ्या, ताट खालच्या रॅकवर ठेवा आणि आधी नीट तापू द्या. पंजाबकडून येणारी कडक, करकरीत नाशपाती मिळाली तर ती यात घालू नका. ती भाजूनही करकरीतच राहते.