‘द ब्रिज ऑफ सान लुई रे’: आठ महिने, तीन वाचनं

पहिल्यांदा वाचली तेव्हा फसवणूक झाल्यासारखंच वाटलं होतं. थॉर्नटन वाइल्डरची ही १९२७ची छोटीशी कादंबरी पहिल्याच वाक्यात सगळं सांगून टाकते: २० जुलै १७१४, शुक्रवारी भरदुपारी पेरूतला सगळ्यात सुंदर पूल तुटतो आणि पाच जण दरीत कोसळतात. ब्रदर ज्युनिपर हा फ्रान्सिस्कन साधू ते डोळ्यांनी बघतो आणि हेच पाच का, याचा छडा लावायला निघतो. म्हटलं, शेवटी उत्तर मिळेल. कसलं काय! साधूलाच त्याच्या पुस्तकासकट जाळतात.

दोनेक महिन्यांनी पुन्हा उघडली ती त्या साधूच्या तक्त्यासाठी. गावातल्या रोगाच्या साथीत गेलेले आणि वाचलेले, दोघांनाही त्यानं चांगुलपणा, भक्ती आणि उपयुक्तता यांचे दहापैकी गुण दिलेले असतात. बेरीज बघतो तर मेलेलेच पाचपट मोलाचे! तो कागद फाडून समुद्रात टाकतो. मीही एका रात्री गेलेल्या मामाला गुण देऊन पाहिले. भक्तीच्या रकान्यात अडलो. देवाचं नाव कधी घेतलं नाही त्यानं, पण रात्री दोनला हाक मारली तरी चपला घालून निघायचा. वही मिटली.

पेरिकोल या नटीचा आणि तिला घडवणाऱ्या अंकल पिओचा भाग माझ्या मनात आजही रेंगाळतो. आणि जिथे तिथे छापली जाणारी ती प्रेमाची शेवटची ओळ (जिवंतांचा प्रदेश आणि मृतांचा प्रदेश, मधला पूल म्हणजे प्रेम) पुस्तकाबाहेर मला गुळमट लागते. आत मात्र ती जागेवर आहे.

तिसऱ्या वाचनात एस्तेबानपाशीच थांबलो. जुळा भाऊ गेल्यावर तो गळफास घ्यायला जातो. कॅप्टन आल्वारादो त्याला वाचवतो. समजूत तरी किती साधी घालतो: होईल तेवढं करत राहायचं, फार दिवस नाहीत, वेळ कसा जातो कळतही नाही. मग दोघं लिमाला निघतात. पुलाशी आल्यावर सामान पलीकडे न्यायचं म्हणून कॅप्टन खाली ओढ्याकडे उतरतो. एस्तेबान पुलावरून जातो आणि पुलाबरोबर कोसळतो.

वाइल्डर इथे एक शब्द जास्त लिहीत नाही. पहिल्या दोन्ही वेळा मी हे वाक्य ओलांडून पुढे गेलो होतो.