माळ्यावरचा पीएस २ खाली काढलाय: गॉड ऑफ वॉर २ लावावी की शॅडो ऑफ द कोलॉसस?

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून पीएस २ चा, म्हणजे सोनीच्या जुन्या प्लेस्टेशन २ या गेम कन्सोलचा, खोका खाली आला. भाचा चौदा वर्षांचा, घरी पीएस ५ वर खेळणारा. त्याने कन्सोलवरची धूळ बोटाने पुसली आणि विचारलं, "मामा, हे डबडं चालतं का अजून?" डबडं हा शब्द मला लागला. म्हणून त्याच संध्याकाळी ठरवलं की याला एकच डिस्क दाखवायची, पण अशी की गप्प बसला पाहिजे.

पीएस २ वर सगळ्यात देखणे ग्राफिक्स कोणत्या गेमचे, हा प्रश्न माझ्या मते शेवटी दोनच नावांवर येतो: २००५ ची शॅडो ऑफ द कोलॉसस आणि २००७ ची गॉड ऑफ वॉर २. ग्रॅन टुरिस्मो ४ चं नाव घेणारेही भेटतील आणि त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण चकचकीत गाडीचं अप्रूप आजच्या पोरांना उरलेलं नाही. या दोन गेम पाहताना मात्र "हे या मशीनवर चाललंच कसं?" असं आजही मनात येतं.

मशीनची ऐपत किती होती, तेवढं आधी सांगतो. मुख्य मेमरी ३२ एमबी. चित्र काढणाऱ्या चिपजवळची स्वतःची मेमरी फक्त ४ एमबी, आणि पडद्यावरचं चित्र, कोणती वस्तू पुढे आणि कोणती मागे याचा हिशोब, टेक्श्चर म्हणजे वस्तूंवर चढवायची चित्रं, सगळं त्यातच कोंबायचं. आज फोनमधला एखादा फोटोही याहून मोठा निघतो. पण ही ४ एमबी भलतीच वेगवान होती. चाळीतल्या खोलीचा ओटा आठवा. ताट ठेवलं की परातीला जागा नाही, पण हाताला चपळ बाई त्याच ओट्यावर वीस माणसांचा स्वयंपाक करून मोकळी होते. पीएस २ चे चांगले प्रोग्रॅमर असेच होते: काढ, वापर, परत ठेव, पुढचं घे.

गॉड ऑफ वॉर २ ही त्या ओट्यावरची मेजवानीच. सांता मोनिका स्टुडिओने ती मार्च २००७ मध्ये आणली. पीएस ३ बाजारात येऊन तोवर चार महिने झाले होते, तरीही ती पीएस २ वरच आली, कारण दहा कोटींहून जास्त पीएस २ लोकांच्या हातात होते. सुरुवातीलाच ऱ्होड्सचा अजस्र पुतळा जिवंत होतो आणि आपल्या नायकाच्या, क्रेटॉसच्या मागे लागतो. तुम्ही गल्लीबोळांतून सैनिकांशी लढत असता, आणि हा बाबा सतत मागे, वर, बाजूला. भिंतीपलीकडून मध्येच त्याचा हात येतो. लोडिंगचा पडदा कुठे म्हणून दिसत नाही. एखादं जड दार दोन्ही हातांनी उचलताना किंवा लांबलचक बोळातून धावताना पुढचा भाग गुपचूप डिस्कवरून येत असतो, हे कळायला मला दुसरी फेरी लागली. पुढे काळाचे घोडे येतात. डोंगराएवढे चार दगडी घोडे, त्यांना बांधलेल्या साखळ्या, आणि त्या साखळीवरून चालणारा मुंगीएवढा क्रेटॉस. तिथे कॅमेरा हळूहळू मागे जातो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी कंट्रोलर मांडीवर ठेवून नुसता बसलो होतो.

आणि हे सगळं चालतं मख्खन. बहुतेक वेळ सेकंदाला साठ फ्रेमच्या, म्हणजे साठ चित्रांच्या आसपास असावी असं हाताला जाणवतं. गर्दी झाली की पडदा मधूनच आडवा चिरल्यासारखा दिसतो, पण बटण दाबलं की वार होतोच.

शॅडो ऑफ द कोलॉससचा जीव वेगळ्याच ठिकाणी खर्ची पडलाय. फुमितो उएदा आणि टीम इको यांची ही गेम. वाँडर नावाचा पोरगा, त्याची घोडी अ‍ॅग्रो, एक विस्तीर्ण ओसाड मुलूख आणि सोळा कोलॉसस, म्हणजे अवाढव्य राक्षस. वाटेत किरकोळ शत्रू एकही नाही. मुलूख असा की घोडीवर बसून या टोकापासून त्या टोकापर्यंत जा, लोडिंगसाठी कुठे थांबायचं नाही. अंधाऱ्या मंदिरातून बाहेर पडलात की डोळे दिपल्यासारखा पडदा क्षणभर पांढराफटक होतो आणि मग हळूहळू कुरण दिसू लागतं. अशा खेळीसाठी पुढच्या पिढीच्या मशीनमध्ये खास सोयी होत्या, इथे ती हिकमतीने साधलीय.

पण खरी कमाल केसांची. पहिल्या कोलॉससच्या पोटरीला लटकलात की जवळून बघा. ते केस म्हणजे एकावर एक चढवलेले पातळ थर आहेत. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा रंगवणं या मशीनला स्वस्त पडायचं, त्याचा इथे पुरेपूर फायदा घेतलाय. आणि गंमत अशी की तेच केस तुमची जमीनही आहेत. राक्षस चालतो, वाकतो, अंग झटकतो, तशी तुमच्या पायाखालची जमीन वळते, तिरकी होते. एरवी गेममध्ये जमीन जागच्या जागी असते. इथे जमिनीलाच कळलंय की तुम्ही तिच्यावर आहात, आणि तिला तुम्ही नकोय. वाँडर एका हाताने केस धरून चिंधीच्या बाहुलीसारखा हेलकावे खातो, आणि आपण कंट्रोलरवरचं आर१ बटण इतकं घट्ट दाबून धरतो की बोट दुखायला लागतं.

याची किंमत मोजावी लागते, आणि ती लपून राहत नाही. सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम कमी होतात, चित्र अडखळतं. मी काही स्टॉपवॉच लावून मोजलेल्या नाहीत, पण तळ्यातल्या उंच गोल चौथऱ्यावरचा तिसरा कोलॉसस आपली तलवार जमिनीवर आपटतो आणि धूळ उडते, तेव्हा घाट चढणाऱ्या लाल डब्याची आठवण येते. भाच्याने पहिल्या दहा मिनिटांत विचारलंच, "मामा, हँग झालं का?" त्यातच कॅमेराही थोडा हट्टी आहे. घोडी पळवताना तुम्ही तो एकीकडे वळवावा, तर तो हळूच आपल्या आवडत्या कोनात परत जातो. ज्यांना अडखळणाऱ्या चित्राने डोकं दुखतं, त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. गॉड ऑफ वॉर २ घ्या, पस्तावणार नाही.

एवढं सगळं सांगूनही माझं मन एका भलत्याच कारणाने ठरलं.

गॉड ऑफ वॉर २ मध्ये कॅमेरा तुमचा नाही. काय दिसावं, कुठून दिसावं, हे बनवणाऱ्यांनी आधीच ठरवलेलं आहे. तांत्रिक दृष्ट्या हे शहाणपणाचंच. खेळणारा कुठे बघणार हे ठाऊक असलं की न दिसणाऱ्या बाजूला काही रंगवायची गरज नाही. नाटकाच्या सेटला मागून नुसत्या बांबू-पट्ट्या असतात, तसंच. वाचलेली सगळी ताकद समोरच्या दृश्यात ओतता येते. मेजवानी एवढी भरगच्च दिसते ती त्यामुळेच. मला हे पटतं. पण माझ्या उजव्या अंगठ्याला पटत नाही.

ऱ्होड्सचा तो पुतळा. बाजूचे सैनिक संपवले, आता दोन क्षण शांतता. वाटलं, जरा मान वर करून याचं तोंड तर बघू. कंट्रोलरवरची उजवी काडी (एरवी गेममध्ये कॅमेरा फिरवणारी) वर ढकलली. क्रेटॉसने जमिनीवर लोळण घेतली, कारण या गेममध्ये उजवी काडी वार चुकवण्यासाठी आहे. सवय जाईना. पुन्हा काही सुंदर दिसलं, पुन्हा काडीला हात गेला, पुन्हा लोळण. एखादा नवस फेडायला आल्यासारखा माझा क्रेटॉस त्या रात्रभर ग्रीसमध्ये लोटांगणं घालत होता. प्रत्येक देखण्या जागी एक लोटांगण. बायको म्हणाली, "अहो, याला काय झालंय?"

हसण्यावारी नेलं, पण टोचत राहिलं. ग्राफिक्स बघण्यासाठीच जी डिस्क लावायची, तिथे बघण्याचाच हक्क नाही. तिथला कॅमेरा गाइडसारखा: इकडे बघा, आता तिकडे बघा, चला पुढे. गाइड उत्तम आहे, माहितगार आहे, पण पाच मिनिटं मला एकट्याला सोड ना बाबा.

उलट कोलॉससमधला पाचवा घ्या, तो पक्षी. तळ्यातल्या दगडी चौथऱ्यावर उभं राहून बाण मारायचा, तो अंगावर झेपावतो, तेवढ्यात उडी मारून पंख पकडायचा. सगळं जमलं तर पुढच्या क्षणी तुम्ही आभाळात. झेप घेताना चित्र अडखळतं, कबूल. पण मी तेव्हा केसांना लटकलेला असताना उजवी काडी फिरवली आणि खाली पाहिलं. तळ्याचं पाणी, त्यात बुडालेले अवशेष, आणि मी जिथे उभा होतो तो चौथरा, आता काडेपेटीएवढा. हे बघ असं मला कोणी सांगितलं नव्हतं. बघितलं नसतं तरी खेळ अडला नसता. मागची बाजूही रंगवून ठेवलीय आणि मी कधी वळेन याची वाट बघतेय, असं काहीसं वाटलं. अडखळणाऱ्या वीस फ्रेम मी त्यापुढे माफ करतो. माझा स्वभाव असेल, सगळ्यांना तसं वाटेलच असं नाही.

आता घरगुती अडचणी. एलईडी टीव्हीला पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची वायर लावली तर दोन्ही गेम भिजलेल्या वर्तमानपत्रासारख्या दिसतात, मग कोण श्रेष्ठ हा वादच नको. कंपोनंट केबल मिळवा, आणि पीएस २ च्या सेटिंगमध्ये तसं बदलायला विसरू नका. गॉड ऑफ वॉर २ मध्ये प्रोग्रेसिव्ह स्कॅनची, म्हणजे चित्राच्या सगळ्या ओळी एका दमात दाखवण्याची सोय आहे, ती चालू केली की चित्र लक्षणीय स्वच्छ होतं. एलईडीवर ती सरळ सरळ उजवी दिसते, हे मान्य करायला हवं. डबा टीव्ही अजून घरात असेल तर कोलॉससचं धुकं, तो पांढरट उजेड, सगळं त्या काचेमागे जास्त खुलतं. शेजारच्यांनी भंगारात काढलेला टीव्ही मी याच कारणासाठी उचलून आणला. घरात त्यावरून जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

दुसरी गोष्ट लेन्सची. गॉड ऑफ वॉर २ ची अस्सल डिस्क दुपदरी आहे, आणि म्हाताऱ्या झालेल्या लेन्सला दुसरा पदर वाचताना दम लागतो. माझं मशीन त्या डिस्कवर दोनदा रुसलं, कोलॉससवर कधी नाही. एका मशीनवरून नियम काढू नये, पण जुनी डिस्क विकत घेणार असाल तर घ्यायच्या आधी स्वतःच्या पीएस २ वर लावून बघायला मागा. कधीकाळी रस्त्यावर मिळणाऱ्या कॉपीच्या वाटेला तर जाऊच नका. मी एकदा घेतली होती, ती एका साध्या डीव्हीडीत मावावी म्हणून मधले व्हिडिओच गायब केले होते.

पीएस ३ असेल तर दोन्हींच्या सुधारित आवृत्त्या आहेत, आणि योगायोग बघा, दोन्ही ब्लूपॉइंट या स्टुडिओनेच केलेल्या: गॉड ऑफ वॉरची २००९ मध्ये, कोलॉससची २०११ मध्ये. २०१८ मध्ये त्यांनीच पीएस ४ साठी कोलॉसस नव्याने घडवली. ती देखणी आहे आणि अडखळतही नाही. पण ३२ एमबीत कोणी काय केलं हे बघायचं असेल तर ती उपयोगाची नाही. जादूगाराला मोठी पेटी दिली की ससा निघाल्याचं नवल कमी होतं.

तर घरी पाहुणे येणार आहेत, अर्ध्या तासात डोळे विस्फारायचे आहेत, तर गॉड ऑफ वॉर २. त्यात काही वावगं नाही, पहिल्या अर्ध्या तासात तिच्याइतकं दणदणीत काही या मशीनवर निदान मला तरी दिसलेलं नाही. रविवारची अख्खी दुपार रिकामी असेल आणि घरात कोणी नसेल, तर दुसरी.

भाच्याला त्या संध्याकाळी दोन्ही दाखवल्या. त्याला गॉड ऑफ वॉर आवडली, आणि त्यांच्या घरीही एक जुना पीएस २ निघाला म्हणून डिस्क घेऊन गेला. त्याला सहा महिने होऊन गेले, अजून परत केलेली नाही. मीही मागितलेली नाही.