श्रीहरिकोट्याचा पास विकत मिळत नाही

कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली या पट्ट्यात सध्या 'तिरुपती दर्शन आणि रॉकेट लाँच' अशा सहलींच्या जाहिराती व्हॉट्सॲपवर फिरत आहेत. तुमच्याकडे आली असेल, तर ॲडव्हान्स भरायच्या आधी हे वाचा. श्रीहरिकोट्याच्या प्रेक्षक गॅलरीत बसून उड्डाण पाहायला इस्रो एक रुपयाही घेत नाही. नोंदणी ज्याची त्यानं ऑनलाइन करायची असते आणि ती मोफत असते. आमच्याकडून मात्र माणशी अडीच हजार रुपये फक्त पासचे म्हणून घेतले गेले. गाडी, लॉज, जेवण यांचे सात हजार वेगळे.

माझी भाची नववीत आहे. १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ उडालं तेव्हा शाळेत सगळ्यांना मोठ्या पडद्यावर दाखवलं होतं. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच होतं, एकदा समोर उभं राहून बघायचं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात पोस्टर आलं ते पीएसएलव्ही-सी५९ या रॉकेटच्या उड्डाणाचं. युरोपियन अवकाश संस्थेची प्रोबा-३ मोहीम त्यातून जाणार होती. भाचीनं आम्हाला घरात बसवून समजावलं: दोन उपग्रह एकमेकांपासून सुमारे दीडशे मीटरवर राहून फिरणार, पुढचा मागच्यासाठी सूर्याचं बिंब झाकणार, आणि त्या मुद्दाम घडवलेल्या ग्रहणात सूर्याचं प्रभामंडळ, म्हणजे त्याच्याभोवतीचं तेजाचं वलय, तासन्‌तास पाहता येणार. एवढं सांगितल्यावर नको म्हणायचं कुणाच्या जिवावर येणार? ताई, भाची आणि मी अशी तीन नावं दिली.

सहल काढणारा माणूस अनोळखी नव्हता. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे म्हणून नाव लिहीत नाही, पण तिरुपतीच्या सहली तो बरीच वर्षं नेतो. आपल्याकडं तिरुपतीला जाणं म्हणजे काय हे सांगायला नको. नवरात्रात अंबाबाईला तिथल्या देवस्थानाकडून शालू येतो, आणि तिरुपतीहून आल्यावर अंबाबाईचं दर्शन घेतल्याशिवाय यात्रा पुरी झाली असं कुणी मानत नाही. कोल्हापुरातून हरिप्रिया एक्स्प्रेस थेट तिरुपतीला जाते. तिथून नायडूपेटमार्गे सुल्लुरुपेट रस्त्यानं दोन-अडीच तासांवर, आणि सुल्लुरुपेटच्या पुढं श्रीहरिकोटा. म्हणजे सहल कागदावर अगदी रास्त होती. खोटं होतं ते फक्त पासचं, आणि ते या खऱ्या सहलीच्या पोटात बसवलेलं होतं. सगळीच सहल बनावट असती तर चार जणांनी पहिल्याच दिवशी ओळखली असती.

"इस्रोत आपला माणूस हाय. पासचं टेन्शन घिऊ नका," असं त्यानं पहिल्याच फोनवर सांगितलं. मी विचारलं, नोंदणी वेबसाइटवर करायची असते ना? त्याचं उत्तर तयार होतं. "ती पब्लिकची. पाच मिनिटांत भरती. आपला व्हीआयपी कोटा हाय, तुमी फकस्त आधार पाठवा."

इथं थोडं थांबून नीट सांगतो, कारण सगळी मेख याच वाक्यात आहे. त्यातलं पहिलं खरं आहे. २०१९ पासून ही गॅलरी सर्वसामान्यांना खुली आहे, आणि मोठ्या मोहिमेच्या वेळी जागा भराभर संपतात. नोंदणीला ओळखपत्राचा तपशील लागतो, हेही खरं. या दोन खऱ्या गोष्टींच्या आधारानं तो तिसरी, खोटी गोष्ट उभी करतो. सामान्य माणसाला पैसे देऊन घेता येईल असा कोणताही कोटा तिथं नाही. शिवाय नोंदणी सुरू होते तीच उड्डाणाच्या अगदी थोडे दिवस आधी, तारीख पक्की झाल्यावर. आम्हाला 'पास कन्फर्म' असा मेसेज आला तेव्हा नोंदणीची खिडकी उघडलेलीसुद्धा नव्हती. महिनाभर आधी पास हातात असल्याचं जो सांगतो, त्याच्या हातात काहीही नसतं. फसवणूक ओळखायची याहून सोपी खूण मला माहीत नाही.

पास पीडीएफमध्ये आले. बोधचिन्ह, प्रत्येकाचं नाव, आधारचे शेवटचे चार आकडे, क्यूआर कोड, खाली इंग्रजीत सूचना. निघायच्या आदल्या रात्री आले, आणि प्रत्येकाला त्याच्या-त्याच्या नंबरवर वेगवेगळे आले. ग्रुपवर एकत्र टाकले नाहीत, कारण विचारलं तर म्हणाला, प्रायव्हसी. खरं कारण दुसरंच होतं.

४ डिसेंबर २०२४. उड्डाण दुपारी ४ वाजून ८ मिनिटांनी होतं. सुल्लुरुपेटहून श्रीहरिकोट्याकडे जाणारा रस्ता पुलिकत सरोवराच्या पाण्यातून जातो. हिवाळ्यात तिथं रोहित पक्षी येतात. भाचीनं खिडकीतून त्यांचे फोटो काढले. बसमध्ये सगळ्यांचे चेहरे लग्नाला निघाल्यासारखे होते. पुढं तपासणीपाशी उतरलो तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता. आमच्यातल्या पहिल्या माणसाचा पास पाहून जवानानं बाजूला उभं राहायला सांगितलं. दुसऱ्यालाही तेच. मग त्यानं दोघांचे पास शेजारी शेजारी धरले आणि आम्हालाच दाखवले. नावं वेगळी, नोंदणी क्रमांक एकच. बाकीच्यांनी मोबाईल काढून आपापले पास पाहिले. सगळ्या बसचा क्रमांक तोच. कुणाची तरी एक नोंदणी घेऊन त्यावर नावं बदलून सगळ्यांना वाटली होती.

ते जवान आमच्याशी एका शब्दानंही वाईट वागले नाहीत, हे मुद्दाम लिहितो. एकानं हिंदीत एवढंच सांगितलं की असे लोक याआधीही आलेत, आणि यादीत नाव नसेल तर सोडता येत नाही. बरोबरच आहे. सतीश धवन अंतराळ केंद्राचं आवार आहे ते. आमच्या पुढून एक तरुण जोडपं आत गेलं. चेन्नईहून लोकल गाडीनं सुल्लुरुपेटला उतरून आलेलं, हातात आपापल्या नोंदणीचा कागद आणि मूळ ओळखपत्र. त्यांना पासचा शून्य रुपये खर्च आला होता.

सहलवाला स्वतः आलाच नव्हता, त्यानं एक पोरगा बरोबर दिला होता. त्या पोराला काहीच माहीत नव्हतं असं मला आजही वाटतं. फोन लावला तर उचलेना. तासाभरानं उचलला तेव्हा "सर्व्हर डाऊन असणार, थांबा जरा, बोलतो वरती." आम्ही रस्त्याकडेला उन्हात थांबलो. आणि मग, उड्डाणाला जेमतेम तासभर उरला असताना बातमी आली की उपग्रहाच्या प्रणोदन यंत्रणेत, म्हणजे त्याला ढकलणाऱ्या यंत्रणेत, बिघाड आढळल्यानं उड्डाण दुसऱ्या दिवसावर गेलं.

त्याचा फोन लगेच आला. आवाज एकदम मोकळा. "बघा, लाँचच रद्द झालं. आता आमचा काय दोष?"

हीच त्याची ढाल आहे, आणि ती नीट ओळखून ठेवा. रॉकेटचं उड्डाण पुढं जाणं ही नेहमीची गोष्ट आहे आणि तसंच असायला हवं. चांद्रयान-२ चं उड्डाण १५ जुलै २०१९ च्या पहाटे २ वाजून ५१ मिनिटांनी व्हायचं होतं. उलटी गणती ५६ मिनिटं २४ सेकंद उरली असताना थांबवली आणि यान २२ जुलैला गेलं. गगनयानची चाचणी २१ ऑक्टोबर २०२३ ला अवघ्या पाच सेकंदांवर थांबली आणि त्याच सकाळी दहा वाजता झाली. अवकाशात दोन यानं एकमेकांना जोडून पाहणाऱ्या स्पेडेक्सचं उड्डाण ३० डिसेंबर २०२४ ला दोन मिनिटांनी पुढं ढकललं. शंका आली की थांबायचं, ही त्या लोकांची शिस्त आहे. तिच्यापायी प्रेक्षकाचा दिवस वाया गेला तर तक्रार करू नये. पण फसवणाऱ्याला हेच सोयीचं पडतं. उड्डाण पुढं गेलं तर दोष इस्रोचा. वेळेवर झालं तर गेटवरच्या माणसाचा. त्याच्यापर्यंत दोष पोहोचतच नाही.

आमच्या बाबतीत त्याची ढाल एका साध्या गोष्टीनं फुटली. आम्हाला गेटवर अडवलं दुपारी एक वाजता, उड्डाण पुढं गेल्याची बातमी आली त्यानंतर दोन तासांनी. अडवल्याबरोबर ताईनं सगळ्यांना जमवून फोटो काढला होता, मी 'पास बनावट निघाले' असा मेसेज ग्रुपवर टाकला होता, आणि बऱ्याच जणांनी त्याला फोन केले होते. वेळेसकट हे सगळं मोबाईलमध्ये आहे. त्यामुळं 'लाँच रद्द झालं म्हणून प्रवेश मिळाला नाही' हे त्याचं म्हणणं टिकत नाही. तुमच्यावर असा प्रसंग आलाच तर भांडत बसण्याआधी हे करा. फोटो, मेसेज, पासचे स्क्रीनशॉट, पैसे पाठवल्याचा यूटीआर, म्हणजे बँक व्यवहाराचा क्रमांक. त्यानं आमचा ग्रुप दुसऱ्या दिवशी बंद केला. तोवर मी चॅट एक्स्पोर्ट करून ठेवलं होतं.

बस मात्र त्याच संध्याकाळी तिरुपतीला परत फिरली, दर्शनाची वेळ ठरलेली होती. वेगळं राहायचं तर मुक्काम, जेवण, परतीचं तिकीट सगळं नव्यानं काढायला हवं होतं, आणि बसमध्ये म्हातारी माणसंही होती. ५ डिसेंबरला ४ वाजून ४ मिनिटांनी पीएसएलव्ही-सी५९ उडालं. ३२० टनांचं ते रॉकेट माझ्या भाचीनं तिरुपतीच्या लॉजवर मोबाईलवर पाहिलं. एवढं तर ती कोल्हापुरात बसूनही पाहू शकली असती. संपल्यावर ती ताईला म्हणाली, "मला आवाज ऐकायचा होता." प्रकाश आधी येतो, आवाज किलोमीटरला तीन सेकंद या हिशोबानं मागून येतो, ते ती मोजणार होती. पैशाचं दुःख मला आहेच. पण एका पोरीची दीड वर्षांची हौस त्यानं हिशोबाच्या वहीत अडीच हजार म्हणून लिहिली, याचा राग मला त्याहून जास्त आहे.

आता पुढचं. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन कराल तितकं चांगलं, कारण पैसे त्या खात्यातून पुढं सरकण्याआधी थांबवता आले तरच उपयोग. आमची रक्कम जाऊन महिना झाला होता, म्हणून तिथं फार हाती लागलं नाही. पोलिसांत फसवणुकीची तक्रार द्या, ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येते. आमच्याकडं ठाण्यावर अर्ज नीट घेतला, बनावट पासच्या प्रतीही जोडून घेतल्या. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. आणि जिल्हा ग्राहक आयोगाला घाबरू नका. दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रार देणार म्हटल्यावर त्यानं निम्मे पैसे परत देतो असा निरोप धाडला, पण लिहून द्या म्हणाला की पासबद्दल काही तक्रार नाही. आमच्यातल्या काहींनी घेतले. त्यांना मी दोष देत नाही, घरची परिस्थिती ज्याची त्याला ठाऊक. ताई म्हणाली, "मी न्हाई सही करत." आमची तक्रार चालू आहे.

आधारचंही सांगायला हवं. आमच्या सगळ्यांच्या आधारच्या पूर्ण प्रती त्याच्याकडं आहेत. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या साइटवर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार मिळतं आणि बायोमेट्रिक लॉकही करता येतं. आम्ही लॉक करून ठेवलंय. सहलवाल्याला पूर्ण प्रत देऊ नका.

खरंच जायचं असेल तर जा, अवश्य जा. इस्रोची नोंदणीची साइट एलव्हीजी डॉट एसएचएआर डॉट जीओव्ही डॉट इन. शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का ते बघा. प्रत्येक उड्डाणाला गॅलरी खुली असतेच असं नाही, म्हणून इस्रोची घोषणा पाहूनच पाऊल उचला. प्रत्येकाची नोंदणी त्याच्या नावानं करा आणि मूळ ओळखपत्र बरोबर घ्या. हरिप्रियेनं तिरुपतीला जाऊन पुढं रस्त्यानं जा, नाहीतर चेन्नईला उतरून लोकल गाडीनं सुल्लुरुपेट गाठा. परतीचं तिकीट उड्डाणाच्या दुसऱ्याच दिवसाचं काढू नका, मध्ये दोन-तीन दिवस मोकळे ठेवा. जागा नाहीच मिळाली, तरी सुल्लुरुपेटच्या आसपास लोक रस्त्यावर, गच्चीवर उभे राहून उड्डाण पाहतात. त्यालाही कुणाचा पास लागत नाही.

हे सगळं आजच लिहायचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यात एका नातेवाइकानं मला नवं पोस्टर पाठवलं. सहलीचं नाव बदललंय, पैसे भरायचा नंबर तोच आहे. या वेळी गगनयान. पहिल्या मानवरहित उड्डाणाची तारीख इस्रोनं अजून जाहीर केलेली नाही, पण याच्याकडं 'व्हीआयपी पास मर्यादित' आहेत आणि माणशी तीन हजार ॲडव्हान्स घेणं सुरू झालंय. ते पोस्टर मी पोलिसांकडं दिलंय. तुमच्या ग्रुपवर आलं तर पुढं पाठवू नका, आणि कुणी पैसे भरले असतील तर त्यांना आजच १९३० वर फोन करायला सांगा.